अठ्ठावीसची चपटी काच आणि माझी भिंगरी

मी, भिंगरीची आई, फोटोच्या दुकानात कामाला, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या खोलीत बसून माझ्या हाताने लिहिते आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी धमकावलेलं नाही. कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. तसं कोणी आलं असतं तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. हे शेवटचं वाक्य नमुन्याच्या कागदात नव्हतं, पण दुकानाचे मालक म्हणाले, राहू दे.

याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या नावाचा असा दुसरा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा, आणि दाखवणाऱ्याचा समोरून एक फोटो काढून ठेवावा.

कारण असं की उद्या माझं ऑपरेशन आहे. काळजातली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आमचं हे रोजचंच काम आहे." तेव्हापासून मी जास्त घाबरले आहे. रोजच्या कामात माणूस कसा चुकतो ते मला ठाऊक आहे. मी रोज फोटो कापते, आणि मधूनच एखाद्याचा कान उडतो. शिवाय डॉक्टर सांगताना हसले. न हसता सांगितलं असतं तर विश्वास बसला असता.

हे सगळं तोंडाने सांगता आलं असतं. पण भिंगरी चार वर्षांची आहे, आणि तिला नको तेच बरोबर ऐकू येतं. म्हणून लिहिते.

कलम एक. खोली.
ही खोली भिंगरीच्या वडिलांनी घेतलेली. ते क्रेन चालवायचे. भिंगरी रांगत होती तेव्हा कामावर असतानाच वारले. त्यानंतर खोली माझ्या नावावर झाली, माझ्यामागे ती भिंगरीची. ती मोठी होईपर्यंत कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि खिडकीला दुसरे पडदे लावू नयेत. पडद्यांचं लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात नणंदबाई फळं घेऊन आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आल्या. मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर त्या वितीने खिडकी मोजत होत्या.
"काय बघताय?" मी विचारलं.
"काही नाही गं, उजेड छान येतो."
उजेड कोणी वितीने मोजत नाही.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते भिंगरीच्या शाळेसाठी. दुसऱ्या कशासाठीही नाही, मग कारण कितीही रडून सांगितलेलं असो.

कलम तीन. भिंगरीचा सांभाळ.
माझं काही बरंवाईट झालं तर माझी मुलगी

ही जागा मी कोरी सोडली आहे. मालकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अगं, बाकी सगळं नसलं तरी चालेल, नेमकं हेच कोरं ठेवून कसं चालेल? नाव घातलं नाहीस तर दुसरं कोणी घालेल." तीच तर भीती आहे. झडपेची भीती वाटते, पण या कोऱ्या जागेची तिच्यापेक्षा जास्त वाटते.

नणंदबाईंचं वर लिहिलंच आहे. सासूबाई त्यांच्याकडेच राहतात, आणि त्यांना आता स्वतःची औषधं आठवत नाहीत. राहिली माझी सख्खी ताई. ताई वाईट नाही. पण ताईने मला लहानपणी बाजारात विसरलं होतं. घरी गेली, हातपाय धुतले, जेवली, आणि मग कोणीतरी विचारलं, धाकटी कुठंय? हे ती अजून सगळ्यांना हसत हसत सांगते. मी कधी हसले नाही. ताईच्या घरी सगळे मोठ्याने बोलतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. भिंगरीचा आवाज बारीक आहे.

पुढचं लिहून होईपर्यंत कोणी सुचलं तर बघू.

कलम चार. गादी, उशा, मोठं पातेलं ताईला. पातेलं तिचंच आहे, ती विसरली आहे.

कलम पाच. कॅमेरा आणि काच.
कॅमेरा मालकांनी दिला. त्याचा मागचा स्क्रीन अर्धाच दिसतो, म्हणून दुकानात चालत नव्हता. काच, म्हणजे पुढची लेन्स, नव्हती. काच नसलेला कॅमेरा म्हणजे झाकण नसलेला डबा. काच मी स्वतः निवडून घेतली, आणि तिच्यासाठी मी किती डोकं लावलं ते भिंगरीला मोठेपणी कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

मला काच कशाला हवी होती? तर आमच्या गल्लीत दोरीवरचे कपडे चोरीला जात होते. भिंगरीचे दोन फ्रॉक, एक चादर, माझा दुकानातला एप्रन. चोर पकडायचा होता. चोराला कळू न देता पकडायचा होता. म्हणून मला अशी काच हवी होती की जी कोणाच्या नजरेत भरणार नाही.

जुने कॅमेरे विकणाऱ्याकडे गेले. तो काउंटरमागून म्हणाला, "ताई, लग्नाचे फोटो काढता?"
"नाही."
"मग मुलांचे?"
"नाही."
"मग काच कशाला पाहिजे?"
"तुम्हाला कशाला पाहिजे ते कळून?"
त्याने एक लांब नळीसारखी काच काढली. "ही घ्या. फिरवली की लांबचं जवळ येतं. बसल्या जागी सगळं." मी ती हातात घेतली. ही नळी गल्लीत काढली असती तर पलीकडच्या टोकाची दारं आधी बंद झाली असती. शिवाय बसल्या जागी सगळं मिळेल असं जो सांगतो त्याच्यापासून मी लांबच राहते.

मग म्हणाला, "पन्नासची घ्या. चेहरा काय उठून दिसतो!" मी ती लावून त्याच्या दारातून रस्त्याकडे बघितलं. एक माणूस आला आणि त्याच्या चेहऱ्यानेच सगळी जागा भरली. चेहरे मी दुकानात दिवसभर बघते. मला दोरी हवी होती, दारं हवी होती, कोणाचा हात कुठे जातो ते हवं होतं. काचेवरचा आकडा जितका लहान तितकी जास्त जागा मावते. म्हणून मी लहान आकड्याची मागितली. त्याने अठराची दिली. तिच्यातून समोरच्या इमारती दारू प्यायल्यासारख्या वाकल्या. ती परत केली.

शेवटी कपाटाच्या तळातून ही निघाली. अठ्ठावीसची. इतकी चपटी की कॅमेऱ्याला काच लावली आहे की नुसतं झाकण, ते कळू नये. एप्रनच्या खिशात मावते. भिंती सरळ राहतात आणि गल्ली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आत येते. मी मोबाइलची बॅटरी लावून काचेतून आरपार बघितलं. आत एक ठिपका होता.
"धूळ आहे, ताई."
"धुळीला पाय फुटत नाहीत. ही बुरशी आहे."
तो आत गेला आणि तशीच दुसरी घेऊन आला. ती स्वच्छ होती. आतली उजेड कमीजास्त करणारी पाती कोरडी होती, फिरवायची कडी कुठे अडकत नव्हती.
"आधीच ही का नाही काढली?"
"तुम्ही बघाल असं वाटलं नव्हतं," म्हणाला. तेवढं एक तो खरं बोलला, म्हणून घेतली. पिशवीत घालताना बोलला, "पण एक सांगून ठेवतो. हिच्यात काही लांबचं जवळ येत नाही. तुम्हालाच जवळ जावं लागेल."

गेले. काचेवर अंतर आधीच लावून ठेवायचं, कॅमेरा कमरेशी धरायचा, डोळ्याला लावायचा नाही, आणि चालता चालता दाबायचं. चोराचा फोटो काही मिळाला नाही. पण खांबाला टेकून झोपलेला हमाल मिळाला, त्याच्या पोटावर मांजर बसलेली. नळावरून भांडणाऱ्या दोघी मिळाल्या, आणि दोघींनी मिळून एकच बादली धरलेली. मग चोर बाजूलाच राहिला. रोज कामावरून येताना एका हातात भिंगरी आणि दुसऱ्या हातात कॅमेरा, अशी मी सगळी गल्ली काढली. रुसलेले, चालणारे, खोटं बोलणारे, सगळे.

कॅमेरा आणि काच भिंगरीला. तिच्या हातांना पेलतील तेव्हा द्यावीत. लांब नळीची काच तिला कोणी घेऊन देऊ नये. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या जवळ जायची हिंमत नसेल तर तिने काढूच नये.

कलम सहा. जुनी भांडणं.
मी मेले म्हणून कपडेचोराला माफी नाही. शोध चालू ठेवावा. माझा संशय दोघांवर होता. त्यातला दूधवाला आता गाव सोडून गेला, म्हणजे संशय वाढला.

दुसरी ती समोरच्या तळमजल्यावरची शिवणवाली. तिचं मशीन दारातच आहे, गळ्यात कायम माप घ्यायची फीत. एकटी असते, कोणाशी बोलत नाही. माझ्या फोटोंत ती सारखी यायची. मी हमालाचा काढला तर कडेला ती. बादलीचा काढला तर कडेला ती. मान वर करून बघत असायची. कोणाचे कपडे कधी वाळत पडतात ते दारात बसणाऱ्याइतकं कोणाला माहीत असणार? एकदा मी फोटो काढत होते तर मशीन थांबवून मला म्हणाली, "पोरीकडे बघ. ते खेळणं राहू दे." माझ्या कॅमेऱ्याला खेळणं म्हणाली. त्यानंतर काही दिवसांनी भिंगरी रडत माझ्याकडे आली, फ्रॉकची बाही खांद्यापाशी टराटरा उसवलेली. "कोणी केलं?" तर तिने शिवणवालीकडे बोट केलं. मी दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "माझ्या पोरीला हात लावायचा नाही! कपडे फाडता आणि वर शिवायचे पैसे घेता!" ती सुई दातात धरून बसली होती. आम्ही तेव्हापासून बोलत नाही. हे भांडण भिंगरीने पुढे चालवावं असं मी लिहिणार होते.

कलम सात. फोटो.
मी काढलेले फोटो भिंगरीला. तिला आई कशी होती ते आठवणार नाही, पण आई कुठे उभी होती ते कळेल.

आता जे झालं ते लिहिते, कारण त्याने कलम तीन बदलतं.

दुकानात आम्ही पासपोर्टचे फोटो काढतो. हनुवटी खाली, कान दिसू दे, हसू नका. मग कटर घेऊन चेहऱ्याच्या चारही बाजू उडवायच्या. बाजूला काय आहे त्याचं गिऱ्हाइकाला काही पडलेलं नसतं. माझ्या हाताला तेच वळण. गल्लीतले फोटो छापले की मी त्यांच्याही कडा कापायचे. मधला हमाल ठेवायचा, कडेची शिवणवाली उडवायची. मुद्दाम उडवायचे. ती माझ्यावर पाळत ठेवते आहे, तर तिला माझ्या भिंतीवर कशाला लावू?

आता मी रजेवर आहे. कटर दुकानात राहिला. मालकांनी मला कॅमेऱ्याच्या कार्डावरचे सगळे फोटो छापून पाठवले, पूर्ण, न कापता. भिंगरीसाठी ते गठ्ठ्यात बांधावेत म्हणून मी जमिनीवर मांडले. माझ्या काचेत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळं मावतं, तसंच सगळं मावलं होतं. कडेला शिवणवाली होतीच, जवळपास प्रत्येकात. पण आता तिच्यासकट मी फोटोचा उरलेला भागही बघितला. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर खाली, बुटक्या उंचीवर. जिथे तिची नजर संपते तिथे प्रत्येक वेळी माझी भिंगरी. कॅमेरा दाबताना मी तिचा हात सोडायचे ना. मी हमालाकडे, भिंगरी नाल्याकडे, आणि शिवणवाली भिंगरीकडे.

एका फोटोत मी पोस्टमनचा चेहरा धरला होता. उजव्या कडेला शिवणवाली रस्त्यात अनवाणी उभी, फीत गळ्यातून हवेत उडालेली, आणि तिच्या मुठीत भिंगरीच्या फ्रॉकची बाही. अगदी कडेला मालाच्या टेम्पोचं पुढचं चाक.

तो फोटो मी नीट न बघताच कापला होता. पोस्टमन भिंतीवर लावला आहे.

तरी माझी खात्री पटली नाही. फोटो खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. लोक फोटोच्या दुकानात काम करत नाहीत. मी तो कागद घेतला आणि समोर गेले. दारात उभी राहिले. ती शिवत होती.
"हा तुमचा हात ना?"
तिने चष्मा वर केला. "मग काय तुझा?"
"तेव्हा का नाही सांगितलं?"
"तू सांगू दिलंस? तोंड होतं की भोंगा!" मग मशीनवरचा पाय काढून म्हणाली, "बाही शिवून दे म्हटलं असतंस तर दिली असती. फुकट. पैसे घेते म्हणालीस म्हणून नाही सांगितलं."
"इतके दिवस आमच्याकडेच का बघता?"
"तुझ्याकडे कोण बघतंय? पोरगी सुटते. तू त्या डबीत डोकं घालून बसतेस. कोणीतरी बघायला नको?"
मी तिथेच उंबऱ्यावर बसले. दम लागला होता, झडपेमुळे. तिने पाणी दिलं. पिण्याआधी मी ते उजेडात धरून बघितलं, सवयीने. ती म्हणाली, "विष घालायचं असतं तर बाही फाटली त्या दिवशीच घातलं असतं."

मग मी तिला उद्याचं सांगितलं. आणि कोऱ्या जागेचं.

ती लगेच हो म्हणाली नाही. लगेच म्हणाली असती तर मी घरी येऊन कागद फाडला असता. आधी माझ्यावरच बरसली. म्हणाली, ताई आहे ना तुझी, रक्ताचं माणूस सोडून माझ्याकडे कशाला? मी बाजाराचं सांगितलं. मग शिवत राहिली, एक अख्खा पायजमा होईपर्यंत. मग तिने मला विचारायला सुरुवात केली. भिंगरी कुठल्या कुशीवर झोपते? अंधाराला घाबरते का? खोटं बोलते तेव्हा कसं कळतं? (नाक ओढते.) दूध पिते की टाकून देते? शाळेत कोण सोडतं? तिच्या बापाबद्दल तिला काय सांगितलंय? इतके प्रश्न ताईने विचारले नाहीत, नणंदबाईंनीही नाहीत. त्यांनी फक्त धीर दिला. धीर मला नको होता.

कलम आठ. म्हणून कलम तीनमधली कोरी जागा अशी भरावी: माझं काही बरंवाईट झालं तर माझी मुलगी समोरच्या तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे राहील. खोलीची किल्लीही तिच्याकडे. ताईने आणि नणंदबाईंनी भेटायला यावं, फळं आणावीत, मापं घेऊ नयेत. कोणी कोर्टात गेलं तर न कापलेले सगळे फोटो साहेबांपुढे मांडावेत आणि एवढंच म्हणावं, कडा बघा.

माझा शिवणवालीवर पूर्ण विश्वास आहे असं मी लिहीत नाही. पूर्ण विश्वास माझा माझ्या झडपेवरही नाही. पण एवढ्या फोटोंत एकदाही तिने नजर दुसरीकडे वळवलेली नाही, आणि आपला फोटो निघतोय हे तिला माहीत नव्हतं. कोणाला दाखवायला म्हणून ती बघत नव्हती.

भिंगरी, हे तू मोठी झाल्यावर वाचशील. आईला भीती वाटत होती, पण आई पळून गेली नाही. आई दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेली.

हे सगळं मी वाचून बघितलं, बरोबर आहे. खाडाखोड नाही. कलम तीनमधली मोकळी जागा मुद्दाम तशीच ठेवली आहे, तिथे दुसऱ्या कोणाच्या अक्षरात काही लिहिलेलं दिसलं तर ते मी लिहिलेलं नाही.

ठिकाण: राहती खोली, खिडकीजवळ.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार.

सही: भिंगरीची आई

साक्षीदार पहिला: फोटोच्या दुकानाचा मालक. हिने माझ्यासमोर सही केली. सही तिचीच आहे.

साक्षीदार दुसरी: जिना झाडणाऱ्या मावशी, डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले.

शिवणवालीची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही, कारण मालक म्हणाले जिच्याकडे मूल जाणार तिची साक्ष नको. म्हणून तिने वेगळं लिहून दिलं ते खाली जोडलं आहे:

"मी समोर शिवणकाम करते. मुलगी माझ्याकडे राहील हे मला मान्य आहे. दुकानाचे मालक म्हणाले, 'आई परत न आल्यास' असं लिहा. ते मी लिहिणार नाही. आई येईपर्यंत मुलीला सांभाळीन. मग यायला तिला कितीही वर्षं लागोत."